एकाच पंगतीत

त्या रविवारी ती रात्रपाळी करून आली होती. सकाळी घरी जाऊन जेमतेम चार तास झोपली आणि दुपारी तीनच्या ठोक्याला फाशांची पिशवी नि कॅरॅक्टर शीटची फाइल घेऊन माझ्या बैठकीच्या खोलीत हजर झाली. ती नर्स आहे. ड्यूटीमुळे तिचे आधीचे दोन रविवार बुडाले होते, म्हणून आज जास्तच उत्साहात होती.

खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. पडक्या मठाच्या अंगणात शत्रूच्या जादूगारानं खेळाडूंच्या पात्रांवर फायरबॉल टाकला. फायरबॉल म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे. सरासरी बेरीज २८. त्या दिवशी माझ्या हातून ३१ पडले. आमचा फायटर, म्हणजे योद्धा, पाचव्या लेव्हलचा, त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, ४४. आग चुकवायचा फासा त्याला साधला नाही, तरी १३ पॉइंट घेऊन तो उभा राहिला. तिची क्लेरिक, म्हणजे धर्मगुरू, तिसऱ्या लेव्हलची, हिट पॉइंट २१. तिलाही आग चुकवता आली नाही आणि ती जागीच कोसळली. जखमा भरून काढायचे मंत्र एकट्या तिच्याकडे होते, त्यामुळे तिला उठवणारं कुणी नव्हतं. आपली पाळी आली की ती वीस बाजूंचा फासा टाकायची. दहा किंवा त्याहून जास्त आले की जीव तगण्याकडे एक पाऊल, कमी आले की मरणाकडे एक. शेवटी जीव वाचला, पण शुद्ध आली नाही. पुढचा तासभर ती इतरांचा खेळ बघत बसली.

तिनं तक्रार केली नाही. निघताना चपला घालता घालता एवढंच विचारलं, "ताई, माझी पाचवी लेव्हल साधारण कधी होईल?"

मी वही उघडली. तिचे एक्सपी २,१०० होते. चौथ्या लेव्हलला २,७०० लागतात, पाचवीला ६,५००. बाकीचे तिघं सात हजारांच्या आसपास पोचले होते. मी म्हटलं, "एकही रविवार चुकला नाही, तर अजून दोन-तीन महिने." ती हसली. एकही रविवार न चुकणं तिच्या हातात नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मी गेली नऊ वर्षं डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या गोतावळ्यातले खेळ चालवते. आधी घरी, मित्रमैत्रिणींसाठी; नंतर मानधन घेऊन कॅफेमध्ये आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या शिबिरांत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. खेळ चालवणारी व्यक्ती, म्हणजे डीएम, त्यांच्यासमोर प्रसंग उभा करते. ते काय करतात ते सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे पडतात. एक कथानक महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. त्याला कॅम्पेन म्हणतात. या काळात पात्रं अनुभव मिळवतात, त्या अनुभवाचे गुण म्हणजे एक्सपी, आणि पुरेसे एक्सपी जमले की पात्राची लेव्हल वाढते. लेव्हल वाढली की जीव वाढतो, ताकद वाढते, नवे मंत्र येतात.

हे गुण कुणाला किती द्यायचे, हे डीएमच्या हातात असतं. माझ्या कामातला सगळ्यात नाजूक भाग कोणता असं कुणी विचारलं, तर मी राक्षसांचं किंवा नकाशांचं नाव घेणार नाही. मी या वाटपाचं नाव घेईन.

तेव्हा माझा हिशेब सरळ होता. जो आला त्याला मिळेल, जो लढला त्याला मिळेल. एका गॉब्लिनचे ५० एक्सपी, ते हजर असलेल्यांत समान वाटायचे. गैरहजर असेल त्याला शून्य. मला हे न्यायाचं वाटायचं आणि यात माझ्या मनचं काही नव्हतं. २०१४च्या डीएमच्या पुस्तकात गैरहजर खेळाडूंबद्दल मुळात हाच रिवाज सांगितला आहे. न आलेल्यांनाही गुण देण्याची मुभा पुढे पर्याय म्हणून येते. मी तो पर्याय वाचला होता आणि लाड म्हणून बाजूला ठेवला होता.

फायरबॉलच्या त्या संध्याकाळनंतर मी या हिशेबाचं मूळ शोधायला बसले. हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा या छोट्या गावातून पहिल्यांदा छापून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ती एक हजार संचांची. दोघंही युद्धखेळांच्या वर्तुळातले. त्या पहिल्या नियमांत राक्षस मारण्यापेक्षा खजिना बाहेर काढण्याला जास्त मोल होतं: सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी. दुसरी लेव्हल गाठायला योद्ध्याला २,००० लागत, जादूगाराला २,५००, धर्मगुरूला १,५००. म्हणजे समान गुणांना समान बढती, हे सुरुवातीपासूनच नव्हतं. जो पुढे जाऊन फार बलवान होणार, त्याची वाट आधी लांब ठेवलेली होती.

त्या जुन्या तक्त्यात एक शहाणपण दडलेलं आहे, ते मला फार उशिरा दिसलं. योद्ध्याचे टप्पे २,०००, ४,०००, ८,०००, १६,००० असे दुपटीनं वाढतात. समजा कुणी आठ हजारांवर, म्हणजे चौथ्या लेव्हलला आहे आणि त्याच वेळी नवा खेळाडू शून्यापासून सुरुवात करतो. दोघांना सारखाच वाटा मिळत राहिला, तर जुना सोळा हजारांवर, पाचव्या लेव्हलला पोचतो तेव्हा नवा आठ हजारांवर, चौथ्या लेव्हलला आलेला असतो. तीन लेव्हलचं अंतर एकावर येतं. दुपटीचा हा तक्ता उशिरा येणाऱ्याला सांभाळून घेतो.

पण त्यासाठी एक अट असते: पुढचा वाटा सारखा मिळायला हवा. जी मध्ये मध्ये येऊ शकत नाही, तिला हा तक्ता काही देत नाही. आमचा आजचा तक्ताही ३००, ९००, २,७००, ६,५०० असाच झेपा घेत जातो. उशिरा आलेल्याचं तो भागवतो, रात्रपाळीवालीचं भागवत नाही. माझ्या टेबलावर नेमकी तीच बसली होती.

पुढच्याच महिन्यात मला याची किंमत कळली, आणि ती तिनं एकटीनं मोजली नाही. दलदलीतल्या एका लढाईत आमचा फायटर मेला. तीन फासे लागोपाठ वाईट पडले आणि नऊ महिने जपलेलं पात्र संपलं. टेबलावर शांतता पसरली. मग विझार्डवाल्यानं, म्हणजे जादूगार खेळणाऱ्यानं, क्लेरिकच्या यादीवर बोट ठेवून विचारलं, "रिव्हिव्हिफाय आहे का आपल्याकडे?" हा मंत्र मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत म्हटला, तर पात्र परत उठतं. त्याला ३०० सुवर्णनाण्यांचे हिरे लागतात, आणि हिरे यांच्या पिशवीत होते. मंत्र नव्हता. क्लेरिकला तो पाचव्या लेव्हलला मिळतो. तोवर आमची क्लेरिक कशीबशी चौथीला पोचली होती.

ती खाली मान घालून शीटवरच्या रेघांकडे बघत होती, जणू चूक तिचीच होती. चूक माझी होती. तिला मागे ठेवण्यात पुढच्यांचा काही तोटा नाही, असं मी इतके दिवस धरून चालले होते. पण पार्टी, म्हणजे पात्रांचा गट, एकत्र चालते. मागे राहिलेल्या माणसाच्या हातात पुढच्याचा जीव असतो.

लहानपणी आमच्या गावी लग्नाच्या पंगतीत आजोबा वाढप्यांवर लक्ष ठेवून असायचे. कुणाच्या पानात दोन जिलब्या आणि शेजारच्या पानात एक, असं दिसलं की ते वाढप्याला तिथेच थांबवायचे. पंक्तिप्रपंच हा शब्द मी त्यांच्या तोंडून शिकले. कोण किती राबलं, कुणी मांडव घातला, कोण ऐनवेळी पोचलं, याचा हिशेब पंगतीत करायचा नसतो, असं ते म्हणत. तो हिशेब मनात ठेवावा आणि दुसऱ्या रीतीनं फेडावा. एकदा माणूस पानावर बसला की त्याला सगळ्यांसारखं वाढायचं.

लेव्हलला मी बक्षीस समजत आले होते. फायटर मेला त्या रात्री वाटलं, हे तर वाढप आहे. टेबलावर बसलेल्याला खेळता यावं म्हणून ते द्यायचं असतं.

मग मी वहीची जुनी पानं पुन्हा वाचली, आणि दुसरी गोष्ट दिसली. चांगलं खेळल्याबद्दल मी वरचे गुण द्यायचे. पात्राच्या तोंडचं सुरेख भाषण, एखादा विनोद, एखादी युक्ती: ५० एक्सपी. यालाही मोठी परंपरा आहे. १९७९च्या डीएमच्या ग्रंथात गायगॅक्सनं प्रत्येक मोहिमेनंतर खेळाडूच्या खेळाला एक ते चार अशी श्रेणी द्यायला सांगितलं होतं. एक म्हणजे उत्तम, चार म्हणजे सुमार. त्या श्रेणींच्या सरासरीवरून पुढच्या लेव्हलच्या प्रशिक्षणाला किती आठवडे लागणार हे ठरायचं, आणि दर आठवड्याची फी लेव्हलच्या १,५०० पट नाणी. चांगला खेळलेला स्वस्तात शिकायचा, वाईट खेळलेल्याला ते महाग पडायचं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत वर्गवार बक्षिसांचा पर्याय होता: जादूगाराला कामी आलेल्या मंत्रांचे गुण, चोराला त्याच्या कसबाचे गुण. मला हे सगळं फार आवडायचं. प्रत्येकाचं कौतुक ज्याच्या त्याच्या गुणासाठी.

माझ्या वहीत मात्र अर्ध्याहून जास्त बक्षिसं दोघांच्याच नावावर होती. दोघंही छान बोलतात, आणि इंग्रजीत बोलतात. खेळाची पुस्तकं इंग्रजी, यूट्यूबवरचे खेळ इंग्रजी. त्यामुळे पात्राचं भाषण म्हणजे इंग्रजी, असं न ठरवताच ठरून गेलं होतं. तिसरा, आमच्या रोगचा, म्हणजे बुटक्या चोराचा, खेळाडू, सांगलीकडचा मुलगा. तो प्रत्येक सेशनचा नकाशा काढायचा, कोणत्या दाराला सापळा होता हे लिहून ठेवायचा, आणि त्याच्या त्या कागदामुळे पार्टी दोनदा वाचली होती. त्याला मी काही दिलं नव्हतं, कारण नकाशा काढताना माणूस गप्प असतो. ज्याचा आवाज माझ्यापर्यंत पोचला, त्यालाच मी गुण देत गेले.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तुझा बुटका आपल्या भाषेत बोलला तर चालेल का?" त्यानं विचारलं, "म्हणजे आमच्याकडची बोली?" पुढच्या रविवारी पुलावर नाकेबंदी करून बसलेल्या एका ट्रोलशी त्याच्या बुटक्यानं जकातीवरून जी हुज्जत घातली, ती ऐकताना मला खेळ थांबवावा लागला, एवढे सगळे हसत होते. त्या दिवशी मी कुणालाच ५० गुण दिले नाहीत. पुन्हा कधीच दिले नाहीत. टेबलाचं हसणं त्याला मिळालं होतं. त्यावर माझ्या शिक्क्याची गरज नव्हती.

वही बंद केली आणि मी माइलस्टोनवर आले. म्हणजे गुण मोजायचे नाहीत. कथेतला मोठा टप्पा पार पडला की सगळ्यांची लेव्हल एकदम वाढवायची. आलेल्या-न आलेल्या सर्वांची. मला वाटलं, सुटलं. चार महिन्यांनी लक्षात आलं की अन्यायानं फक्त जागा बदलली आहे.

पार्टीला बंदराच्या गावातली एक हरवलेली मुलगी शोधायची होती. माझ्या कथानकात ती आडवाट होती, पण यांना ती मनापासून महत्त्वाची वाटली. तीन रविवार त्यांनी ती मुलगी शोधली, सापडली, आईकडे पोचवली. टप्पा मात्र डोंगरातल्या किल्ल्यावर होता, म्हणून मी लेव्हल दिली नाही. विझार्डवाला म्हणाला, "म्हणजे तुला हवं ते केलं तरच वाढायचं का?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. एक्सपीच्या वहीत निदान आकडा दिसायचा, कितीवर आहोत आणि किती बाकी आहे ते कळायचं. आता सगळं माझ्या मनात होतं. त्यांची बढती माझी मर्जी होऊन बसली होती. वाटा समान होता, पण कधी मिळणार हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि ज्याला हे कळत नाही तो मागण्याऐवजी वाट बघत राहतो.

त्या पावसाळ्यात हे कॅम्पेन थांबवून आम्ही कॉल ऑफ क्थुलू खेळलो. केओसियम या कंपनीनं १९८१ साली आणलेला हा भयकथांचा खेळ; रचना सँडी पीटरसन यांची. यात लेव्हल नाहीच. एखादं कौशल्य प्रसंगात यशस्वीपणे वापरलं की त्यापुढे खूण करायची. प्रकरण संपलं की प्रत्येक खुणेसाठी शंभराचा फासा टाकायचा. आकडा आपल्या सध्याच्या टक्क्यांपेक्षा वर आला, तरच कौशल्य वाढतं. ज्याला कुलूप उघडणं ३० टक्के जमतं, त्याला शिकण्याची संधी ७० टक्के. ज्याला ८० टक्के जमतं, त्याला फक्त २०. जितकं कमी येतं तितकं लवकर शिकता येतं, आणि उस्तादाला पुढचं पाऊल जड जातं. मी स्वयंपाक अशीच शिकले, पोहायला अशीच शिकले. इथे प्रत्येकाची वाढ वेगळी होती, तरी कुणालाच ती टोचली नाही, कारण नियम सगळ्यांसमोर होता आणि फासा ज्याच्या त्याच्या हातात होता. समान वाटपाखेरीजही न्याय असू शकतो, हे मी तिथे पाहिलं. मात्र तो उघड्यावर असावा लागतो आणि मागे असलेल्याला हात देणारा असावा लागतो.

पाऊस ओसरल्यावर जुन्या कॅम्पेनकडे परतण्याआधी मी सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि नियम बदलायचा प्रस्ताव मांडला: ठरावीक सेशननंतर सगळ्यांची लेव्हल एकदम वाढेल, आलेल्यांची आणि न आलेल्यांचीही. फायटरवाला तेव्हा नवं पात्र घेऊन खेळत होता. तो हिंजवडीहून दर रविवारी दीड तास ट्रॅफिक कापत येतो. दोन वर्षांत त्याचा एकही दिवस चुकलेला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "मी दर वेळी येतो. कुणी दोनातून एकदा येतं. लेव्हल सारखीच. मग माझ्या येण्याला काय अर्थ?"

नर्स त्याच टेबलावर बसली होती, त्यामुळे प्रश्न विचारायला त्याला किती धीर लागला असेल ते मला कळत होतं. हा प्रश्न क्षुद्र नाही. निष्ठेची दखल घेतली जावी, ही माणसाची साधी अपेक्षा आहे. मी त्याला म्हटलं, तुझ्या येण्याचं मोल आकड्यात दिलं, तर ते तिच्या पानातून काढून द्यावं लागेल. ते मी करणार नाही. पण बंदराच्या गावात ती मुलगी सापडली तेव्हा तू तिथे होतास. तिची आई तुझ्या पात्राला नावानं ओळखते. ते गाव तुझ्यासाठी दार उघडेल, बोट देईल, साक्ष देईल. जो हजर असतो त्याच्या वाट्याला माणसं येतात, ऋणं येतात, वैर येतं, निर्णय येतात. हे मी गैरहजर माणसाला देऊच शकत नाही, आणि ते तुझ्याकडून कुणी काढूनही घेऊ शकत नाही.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हे पटतं. पण हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतंस." ते खरं होतं. नियम कोणता, याच्या इतकंच तो आधी सांगितला का, याला महत्त्व आहे, हे मी त्याच्याकडून शिकले.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक टेबलावर पहिल्याच दिवशी एक कागद लागतो. त्यावर लिहिलेलं असतं: पहिल्या सेशननंतर दुसरी लेव्हल, आणखी एका सेशननंतर तिसरी, त्यानंतरच्या दोन सेशननंतर चौथी, आणि पुढे दर तीन सेशनला एक. हा वेग साधारण २०१४च्या पुस्तकातल्या सूचनेनुसारच आहे; पुढच्या टप्प्यांना तिथे दोन ते तीन सेशन सुचवले आहेत. लेव्हल सगळ्यांची एकदम वाढते, आलेल्यांची आणि न आलेल्यांचीही. किल्ला घ्या, मुलगी शोधा, नाहीतर तिन्ही रविवार बाजारात भांडत बसा, मोजणी तीच. पात्र मेलं, तर नवं पात्र पार्टीच्याच लेव्हलला सुरू होतं. नवा खेळाडू आला तरी तसंच. आणि शेवटची ओळ: हा कागद बदलायचा असेल, तर सगळ्यांनी मिळून बदलायचा.

यात काहीतरी गमावलं, हेही मान्य करायला हवं. लढाई संपल्यावर गुणांची बेरीज करताना टेबलावर जी लगबग असायची, ती गेली. "फक्त ४० कमी पडले!" ही हळहळ गेली. माझ्या सुट्टीतल्या शिबिरांत बारा वर्षांची मुलं आजही आकडे मागतात आणि मी त्यांना देते. तिथे सगळ्या गटाचा एकच आकडा फळ्यावर लिहिलेला असतो आणि तो सगळी मुलं मिळून वाढवतात. मोजण्याला माझा विरोध नाही. शेजारच्याच्या पानाकडे बघून मोजायला लावण्याला आहे.

गेल्या हिवाळ्यात नर्सची बदली अतिदक्षता विभागात झाली आणि ती सलग दोन महिने येऊ शकली नाही. परत आली त्या रविवारी पार्टी नवव्या लेव्हलला होती. तिची शीट सातवीची, त्यामुळे तिला निम्मी दुपार हिशेब करण्यातच घालवावी लागणार, असं वाटत होतं. ती येण्याआधी अर्धा तास फायटरवाला पोचला. त्यानं माझ्याकडे राहिलेली तिची फाइल मागितली, पेन्सिल काढली आणि तिचे हिट पॉइंट, नवे मंत्र, मंत्रांच्या जागा एकेक करून भरत बसला. पाचव्या पातळीच्या मंत्रांत रेझ डेड आलं होतं. त्यानं त्याखाली दोनदा रेघ ओढली.

ती आली, फाइल उघडली, अक्षर ओळखलं. "हे कुणी केलं?" तो म्हणाला, "बस आता. तुझी पाळी आहे."